पिवळे मासे आणि गाळण्याचं फडकं



गेल्या महिन्यात मंदिरातून निघताना दोघींनी मला थांबवलं. "तुमच्याकडे त्या पिवळ्या माशांना पिल्लं होतात म्हणे. एक जोडी आम्हाला द्या की." मी नाही म्हटलं. एकीने हसून सोडून दिलं, दुसरीला राग आला. घरी आल्यावर मलाच वाईट वाटलं, कारण माझं नाही का आहे हे चपला घालता घालता सांगण्यासारखं नव्हतं. ते आज सविस्तर लिहिते.

आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे. लेकाच्या हट्टाने आली. दर रविवारी तिच्यातलं पाव हिस्सा पाणी नळीने बादलीत ओढून काढायचं आणि तेवढंच ताजं भरायचं. हे काम आधी त्याचं होतं, त्याची दहावी आली आणि ते माझ्याकडे आलं. (प्राणी घरात मुलांचे म्हणून येतात आणि आईचे होऊन राहतात, हे तुम्हाला सांगायला नको.) काढलेलं पाणी मी कुंड्यांना घालते, आणि घालण्याआधी दुहेरी फडक्यातून गाळते. टाकीचं घाण पाणी गाळायचं कशाला, असं आमचे हे नेहमी म्हणायचे. मी म्हणायचे, हाताला सवय आहे. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात पाणी गाळायला आणि जिवाणी परत सोडायला शिकवलं, ते अंगात बसलंय.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी फडक्यावर तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं काहीतरी वळवळताना दिसलं. आधी अळी वाटली. वाकून बघितलं तर तिला डोळे होते. वाटीत टाकीचं पाणी घेतलं, फडकं अलगद उलटं धरलं, जिवाणी सोडतात तसं. दाणा पोहायला लागला. पिवळसर रंग, काळे ठसठशीत डोळे. सासूबाईंना बोलावलं. त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे बाळ आहे."

त्या दिवशी घरात सण झाल्यासारखं झालं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

आधी हे मासे कोण ते सांगते. दुकानात त्यांना 'येलो लॅब' किंवा नुसतं 'आफ्रिकन' म्हणतात. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सिरुलिअस. गंमत म्हणजे सिरुलिअस म्हणजे निळा. १९५६ साली नाव दिलं गेलं ते निळसर-पांढऱ्या माशाला, पुढे जगभर पसरला तो त्याचा पिवळा प्रकार. यांचं मूळ घर म्हणजे पूर्व आफ्रिकेतलं मलावी सरोवर. सुमारे ५८० किलोमीटर लांब, कुठे कुठे ७०० मीटर खोल, मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं. जगातल्या कुठल्याही सरोवरात नाहीत एवढ्या माशांच्या जाती तिथे आहेत. त्यातल्या शेकडो जाती या सिक्लिड कुळातल्या, आणि जवळपास सगळ्या त्या एका पाण्याबाहेर निसर्गात कुठेच नाहीत. सरोवराच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान १९८४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. किनाऱ्याच्या खडकांत राहणाऱ्या या माशांना तिकडे म्बुना म्हणतात. प्रत्येक नराचा खडकाचा आपला तुकडा असतो, दुसरा नर आला की हाकलायचा. पाणी जड आणि क्षारांचं. आमच्या बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरे डाग पाडतं, डाळ शिजू देत नाही, ते या माशांना मात्र मानवलं.

आता यांच्या बाळंतपणाविषयी, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

मादी सपाट दगडावर थोडी थोडी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात उचलून घेते. नराच्या पोटाकडच्या परावर अंड्यांसारखेच दिसणारे गोल ठिपके असतात. राहिलेली अंडी समजून ती ठिपक्यांना तोंड लावते आणि तेव्हाच नराचं बीज तिच्या तोंडात जाऊन आतली अंडी फळतात. मग तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, ती तोंड मिटून असते. हनुवटीखाली पिशवी फुगते. अंडी आतच फुटतात, पिल्लं आतच वाढतात, आणि पोहता येण्याजोगी झाली की ती त्यांना बाहेर सोडते. एका वेळी दहा, पंधरा, वीस. या दिवसांत ती जवळपास काहीच खात नाही. पोट आत जातं, डोकं मोठं दिसायला लागतं.

हे प्रथम पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या महिला मंडळात सांगितलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बघा, तिर्यंच गतीतली आईसुद्धा उपवास करते. मीही दशलक्षणात एका मुलीला हेच उदाहरण दिलं होतं. आज देणार नाही. उपवास कळून-सवरून होतो, त्यागाच्या भावाने होतो. ही बिचारी तोंड उघडत नाही कारण उघडलं तर पिल्लं खाल्ली जातील, आणि खाणारे तिच्यापासून हातभर अंतरावर आहेत. आणि त्यांना तिथे आणून ठेवलंय मी.

तोंडात जाणारे-येणारे मासे म्हटलं की तुम्हालाही तंदुल मत्स्याची गोष्ट आठवली असेल. स्वयंभूरमण समुद्रातला महामत्स्य तोंड उघडं टाकून झोपलेला, लहान मासे आत जातात, बाहेर येतात. त्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा मनात म्हणतो, काय मूर्ख आहे हा, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. एकही मासा न खाता तो सातव्या नरकात जातो, नुसत्या भावामुळे. लहानपणी या गोष्टीत मला तंदुल मत्स्याचा राग यायचा. आता टाकीसमोर बसून मी 'या खेपेला किती निघतील? मागच्या वेळी सतरा होती' असं मोजायला लागले, तेव्हा मला माझीच भीती वाटली. मी कुणाला मारायचा विचार करत नव्हते, हे खरं. पण आणखी हवेत, आणखी हवेत, हा भाव तर होताच ना? त्यालाही परिग्रहच म्हणतात.

झालं असं. सुरुवातीला आठ मासे आणले होते. दोन पहिल्या महिन्यातच गेले, कारण नव्या टाकीत माशांच्या मलमूत्राचा अमोनिया साठतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला काही आठवडे लागतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासे सोडले. न शिकता जीव घरी आणणं याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, प्रमाद. राहिले सहा: दोन नर, चार माद्या. पहिल्या खेपेची सात पिल्लं दगडांच्या फटींत वाचली. दुसऱ्या खेपेला आम्ही हुशार झालो होतो. तोंड फुगलेली मादी छोट्या टाकीत वेगळी ठेवली आणि सगळीच्या सगळी सतरा जगली. तिसऱ्या खेपेला एकवीस. म्हणजे वर्ष सरता सरता घरात पन्नासच्या वर मासे. तीन फुटी टाकी ती केवढी!

लेकाने माहिती काढली. छंदी लोकांचं म्हणणं असं की आफ्रिकन मासे भांडतात म्हणून टाकी मुद्दामच गच्च भरायची, म्हणजे दांडग्या नराला एकाच माशाच्या मागे लागता येत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो. आणि एका नरामागे तीन-चार माद्या ठेवायच्या, नाहीतर एकाच मादीचा जीव जातो. सल्ला अनुभवाचा आहे, खोटा नाही. आमच्याकडेही एक मादी पर फाटलेले घेऊन दिवसभर फिल्टरच्या मागे लपून असायची. सरोवरात ती निघून गेली असती. इथे कुठे जाणार? दुसरा सल्ला तर मी ऐकूनच घेतला नाही. पिल्लं लवकर हवीत तर मादीला हातात धरायचं आणि तोंड उघडून ती बाहेर पाडायची. म्हणजे मादी लवकर खायला लागते आणि पुढच्या खेपेला लवकर तयार होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयवाला इजा करणं, जास्त भार लादणं, अन्नपाणी तोडणं. मी ते नेहमी बैलाच्या आणि घोड्याच्या संदर्भात ऐकले होते. त्या संध्याकाळी टाकीसमोर बसून एकेक म्हणून पाहिले. बांधणं तर काचेतच आहे. बाकीच्यांचं तुम्हीच बघा.

मग खाण्याचा प्रश्न. बहुतेक म्बुना खडकांवरचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून दुकानदार सांगतात, 'शाकाहारी मासे आहेत मॅडम, तुमच्यासाठी एकदम योग्य.' तुम्ही घरी असलेल्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. आमच्या डब्यावर पहिलाच घटक फिश मील होता, म्हणजे माशांचंच पीठ. स्पिरुलिना लिहिलेल्या डब्यातही ते खाली कुठेतरी असतंच. आणि येलो लॅब तर त्याच्या सरोवरात खडकांतले बारीक किडेही वेचून खातो, त्याला मी जैन करू शकत नाही. वाफवलेला मटार साल काढून, पालकाची पानं, स्पिरुलिना, हे त्यांना चांगलं चालतं आणि जास्त मांसल खाण्याने या माशांना पोटफुगीचा रोग होतो, हेही खरं. म्हणून ट्यूबिफेक्सचे किडे आणि रक्तकिडे आमच्या घरात कधी आले नाहीत. पण पिल्लं जोमाने वाढवायची तर पैदास करणारे काय करतात माहीत आहे? ब्राइन श्रिम्पची सुकी अंडी विकत आणतात, मिठाच्या पाण्यात घालून हवा सोडतात, दिवस-दीड दिवसात हजारो जीव निघतात आणि ते जिवंतच पिल्लांना घालतात. म्हणजे जीव वाढवायला आधी जीव जन्माला घालायचे. आम्ही डब्यातल्या खाण्याचा चुरा घातला, त्यावरही पिल्लं वाढली, जरा सावकाश. (शेवाळ अनंतकाय आहे, काचेवरचं खरवडतेस ते कसं चालतं, असं जाऊबाईंनी विचारलं होतं. समोरची काच खरवडते, मागची सोडते. त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.)

आता जे मला सांगायला जड जातं ते.

पन्नास मासे झाल्यावर पाणी आठवड्यातून दोनदा बदलूनही वास यायला लागला. लेक म्हणाला, दुकानदार पिल्लं घेतो, बदल्यात खाण्याचा डबा देतो. मला बरंच वाटलं. पंधरा पिल्लं पिशवीत घालून त्याने नेली. दहा दिवसांनी फिल्टरचा स्पंज आणायला मी स्वतः त्या दुकानात गेले. कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीत एक ऑस्कर होता, दक्षिण अमेरिकेतला सिक्लिड, वीतभर लांब. त्याच्या टाकीच्या वरच्या कोपऱ्यात तीन पिवळी पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती. मी विचारलं, ही इथे कशी? तो मुलगा सहज म्हणाला, "लहान आहेत ना, विकायला वेळ लागतो. मोठ्याला टाकली."

तीन होती. बारा नव्हती.

ती तीन मी पैसे देऊन परत आणली. घरी येईपर्यंत एक गेलं. त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा तो धंदा आहे आणि त्याने मला फसवलं नाही. मीच विचारलं नव्हतं. कृत, कारित, अनुमोदना हे आपण प्रतिक्रमणात किती भराभर म्हणतो! जोडी ठेवली मी, मादी वेगळी काढून सगळी पिल्लं जगवली मी, आणि जगलेली जड झाली म्हणून पिशवीत बांधली मी. त्या चातुर्मासात आमच्या भागात आर्यिका माताजी होत्या, त्यांच्यापाशी आलोचना केली. त्यांनी चातुर्मास संपेपर्यंत साखर-गुळाचा त्याग सांगितला. ते सोपं होतं. त्यांनी आणखी एकच विचारलं, "आणि पुढच्या वेळी?" ते अवघड होतं.

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले. माझं मत असं झालंय की आपल्या घरात या माशांची पैदास करू नये. मासे आधीच घरात असतील तर ते शेवटपर्यंत सांभाळावेत, पण नवे जन्माला घालू नयेत.

यावर मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं.

एक बाजू म्हणते, एवढं काय त्यात? मासे शुभ असतात, वास्तूला चांगले. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे, अरनाथ भगवंतांचं लांछन मासाच आहे, अष्टमंगलातही मत्स्ययुगल आहे. खरंच आहे. पण मातेच्या स्वप्नातली मासोळ्यांची जोडी सरोवरात क्रीडा करत असते. ती कुणी पकडून आणलेली नसते. आणि बैल, हत्ती, सिंहसुद्धा त्याच स्वप्नांत आहेत, म्हणून कुणी दिवाणखान्यात सिंह बांधत नाही.

कुणी म्हणतं, पिल्लं जन्मतात ही निसर्गाची गोष्ट, आपण कोण थांबवणारे? मग मोठ्यांनी पिल्लं खाल्ली तर तोही निसर्ग. इथे माझी बराच काळ गल्लत होत होती. मलावीत मोठे पिल्लांना खातात, त्यात माझा काही संबंध नाही. पण इथे नर-मादी निवडले मी, चार बाजूंना काच घातली मी, लपायला दगड किती ठेवायचे ते ठरवलं मी. नंतर खोलीतून बाहेर गेले म्हणजे हात वर झाले असं नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, चूल पेटवायचीच असते. उद्योगी हिंसा शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला सुटत नाही. पण हॉलमधल्या माशांची पैदास यातलं काहीच नाही. तिच्यावर आमचं पोट नाही, तिच्यावाचून काही अडत नाही. ती करायची ती निव्वळ बघायला बरं वाटतं म्हणून. (मग दुधाचं काय, असं तुमच्यातली कुणीतरी विचारणार. लेकीने विचारलंच. तो प्रश्न मोठा आहे आणि या लेखात टाळते, कबूल.)

दुसरी बाजू जास्त धार्मिक आहे आणि तिच्याशी बोलणं जास्त अवघड. ती म्हणते, मग आजच सगळे मासे तळ्यात सोडून दे, अभयदान होईल, महावीर जयंतीला नाहीतरी आपण जीव सोडवतोच. मैत्रिणींनो, कृपा करून हे करू नका. दुकानात वाढलेला परदेशी मासा आपल्या तळ्यात सोडला तर एकतर तो आठवड्यात मरतो, आणि जगला तर ते आणखी वाईट. तुम्ही बाजारात चिलापीचं नाव ऐकलं असेल. ती तिलापिया, हिचं मूळही आफ्रिकेतलं, हीसुद्धा सिक्लिड, आणि हीसुद्धा पिल्लं तोंडात धरणारी. १९५२ साली भारतात आणली. तोंडात धरल्यामुळे तिची पिल्लं जास्त वाचतात, वर्षातून अनेकदा होतात, आणि आता तळी-धरणं तिने भरली आहेत, आपल्या गावच्या माशांची जागा घेऊन. आफ्रिकेतच व्हिक्टोरिया सरोवरात गेल्या शतकाच्या मध्याला बाहेरचा नाइल पर्च सोडला, खायला मोठा मासा मिळेल म्हणून. १९८०च्या दशकात तिथल्या सिक्लिडच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. तळ्याकाठी उभं राहून णमोकार म्हणत पिशवी रिकामी केली तरी पाण्यात जायचं ते जातंच. त्याचं पाप कुणाच्या खात्यात मांडायचं ते मला कळत नाही, म्हणून मी पिशवीच नेत नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते. टाकीला मधोमध जाळीचा पडदा घातला, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला माद्या. म्हणायला सोपं. येलो लॅबमध्ये नर-मादी दोघेही पिवळेच असतात. नराच्या परांवर काळा रंग जास्त असतो म्हणतात, पण दबलेला नर फिकाच दिसतो. अंगाला झटके देऊन नाचतो तो नर, तोंड फुगतं ती मादी, असं बघत बघत पाच महिने गेले. एकदा चुकलो, एक नर माद्यांत राहिला, आणि आणखी नऊ पिल्लं झाली. तीही आहेत. नर नसला तरी मादी अधूनमधून अंडी घालते, पण ती फळत नाहीत, थोड्या दिवसांनी नाहीशी होतात. नरांची आपसात मारामारी होते म्हणून त्यांच्या बाजूला दगडांच्या दोन वेगळ्या राशी रचून दिल्या आणि सगळ्यात दांडगा छोट्या टाकीत एकटा ठेवला. तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडायचा. मागे निळा कागद लावला, बाजूचा दिवा हलवला, आता शांत आहे.

जास्तीच्या माशांपैकी वीस मासे माझ्या चुलतभावाकडे गेले. त्याची पाच फुटी टाकी मी आधी जाऊन बघून आले, त्याच्याकडे दुसरे मोठे मासे नाहीत याची खात्री केली, आणि विकायचे नाहीत, वाढवायचे नाहीत, असं वचन घेतलं. तो म्हणाला, "ताई, मुलगी देताना एवढी चौकशी करत नाहीत." मी म्हटलं, करायला पाहिजे.

हे मासे नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षं जगतात. म्हणजे लेक नोकरीला लागेल, कदाचित त्याचं लग्नही होईल, आणि मी रविवारी बादली घेऊन टाकीपाशी असेन. सणावाराला गावी जायचं तर आधी माशांची सोय बघायची. लाइट गेली की हवेचा पंप बंद, म्हणून बॅटरीवरचा घेतला. मंदिराची यात्रा ठरते तेव्हा शेजारच्या काकूंना मटार सोलून डब्यात देऊन जाते. त्या जैन नाहीत, पण 'तुमच्या माशांचं जेवण' म्हणून पुड्या तारीखवार लावून ठेवतात.

म्हणून मंदिरात विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला जोडी दिली नाही. जोडी देणं म्हणजे तिच्या घरी पुढल्या वर्षी पन्नास, आणि पन्नासातले पंधरा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टाकीत. तिला अजूनही मासे हवेच असतील तर माझ्याकडे एकाच बाजूच्या पडद्यातल्या चार माद्या आहेत, त्या मी देईन, टाकी महिनाभर आधी भरून, फिल्टर चालवून, पाणी तपासून झाल्यावर. आणि दर महिन्याला बघायला येईन, हेही आधीच सांगते. आवडलं नाही तर तिने माझ्या हॉलमध्ये येऊन बसावं, चहा घ्यावा, मासे तिच्याकडे बघतील.

फडक्यातलं ते पहिलं पिल्लू ओळखू येतं, त्याची शेपटी एका बाजूला किंचित दुमडलेली आहे. ती मादी निघाली. आता बोटभर झाली आहे आणि मी नळी घेऊन आले की सगळ्यांत पुढे येते, खायला मिळेल म्हणून. परवाच्या रविवारी तिला हाताने बाजूला सारावं लागलं, नाहीतर नळीतच शिरली असती. पाणी काढलं, गाळलं, कुंड्यांना घातलं. फडकं वाळत टाकलंय.